हर्णैपर्यंतची तयारी

धुळ्याहून समुद्र किती मैलांवर आहे, हे माझ्या वडिलांना अचूक ठाऊक होते. समुद्र मात्र त्यांनी पाहिला नव्हता. तीस वर्षे त्यांनी धुळ्याच्या एका शाळेत भूगोल शिकवला. रेवदंडा, जंजिरा, श्रीवर्धन, बाणकोट, हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी. त्यांची छडी भिंतीवरच्या नकाशावरून खाली उतरत जाई आणि वर्ग एका सुरात बंदरे म्हणे. ही बंदरे क्रमाने म्हणता येत नाहीत असा त्यांचा एकही विद्यार्थी नसावा.

हल्ली नात्यातली तरुण मंडळी बोटीच्या सहलीला जातात. जाण्यापूर्वी मला विचारतात, तयारी काय करावी. मी जन्मात बोटीचा एकच प्रवास केला, जाऊन-येऊन. तरीही सल्ला देतो, कारण त्या प्रवासाची तयारी आम्ही दोन महिने केली आणि ती जवळजवळ सगळी चुकली. चुकलेली तयारी माणसाच्या पक्की लक्षात राहते.

देश स्वतंत्र होऊन पाच-सहा वर्षे झाली होती. वडील, म्हणजे आमचे नाना, निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभाला त्यांचा एक जुना विद्यार्थी आला होता. तो जंगलखात्यात रत्नागिरीकडे नोकरीला होता. पाया पडून झाल्यावर तो म्हणाला, "गुरुजी, एक सांगू? हर्णैला बोट धक्क्याला येतच नाही. तिथे बोटीचा धक्काच नाही. बोट समुद्रात उभी राहते आणि माणसांना पडावात, म्हणजे मोठ्या होडीत, उतरवून किनाऱ्यावर नेतात."

नाना म्हणाले, "पुस्तकात धक्का आहे."

"पुस्तक लिहिणारा गेला नसेल, गुरुजी."

"गेलो तर मीही नाही," नाना म्हणाले.

हारतुरे झाले, भाषणे झाली. नानांचे लक्ष कशातच नव्हते. तीस वर्षे, दरवर्षी एक वर्ग, आणि प्रत्येक वर्गाला त्यांनी हर्णैचा धक्का शिकवला होता. आपण चुकीचे शिकवले की नाही, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते. ऐकीव गोष्टीवर त्यांनी जन्मभर गुण दिले नव्हते. स्वतःलाही देणार नव्हते.

मी तेव्हा जळगावला भूमापन कार्यालयात कारकून होतो. आठ दिवसांनी नानांचे कार्ड आले. नाताळच्या सुट्टीत मुंबईहून रत्नागिरीपर्यंत बोटीने जायचे ठरले आहे, तू रजा काढ, तुझी आई बरोबर आहे. खाली क्रमांक घालून सूचना होत्या. दर आठवड्याला नवे कार्ड येई आणि क्रमांक मागच्या कार्डावरून पुढे चालू राही. निघेपर्यंत तो बेचाळीसवर गेला.

त्यातल्या बऱ्याच सूचना चांगल्या होत्या, हे मान्य केले पाहिजे. वळकटी दोन ठिकाणी बांधावी. एकच मोठी पेटी न घेता दोन लहान घ्याव्यात, कारण पेटी होडीत उतरवावी लागली तर ती एका माणसाला पेलली पाहिजे. बदलायचे कपडे सर्वांत वर ठेवावेत. पाण्याचा फिरकीचा तांब्या घ्यावा, उघडा घेऊ नये. या गोष्टी आजही मी जशाच्या तशा सांगतो. बोटी बदलल्या, तांब्यांच्या जागी बाटल्या आल्या, पण सामान उचलणारे हात दोनच आहेत.

चूक झाली ती आजाराबाबत. बोट लागते, मळमळते, उलट्या होतात, हे नानांनी चौकशी करून माहीत करून घेतले होते. घरात नाजूक कोण, तर आई. तिला जळगाव स्टेशनावरून बैलगाडीतून असोद्याला माहेरी जातानासुद्धा दोनदा उतरावे लागे. तेव्हा सराव तिला हवा, असे नानांनी ठरवले. परसातल्या निंबाला दोर बांधला आणि रोज जेवणानंतर अर्धा तास तिने झोक्यावर बसावे असा नियम केला. आमच्याकडे झोके बांधतात आखाजीला, म्हणजे वैशाखातल्या अक्षय्य तृतीयेला. मार्गशीर्षात पन्नाशीची बाई झोका घेते आहे हे पाहून शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "काय वो माय, आखाजी आतेच उनी का?"

आईने सांगितले, आखाजी आली नाही, बोटीची परीक्षा आहे.

"आनि मास्तर?"

"ते परीक्षा घेनारे हायेत," आई म्हणाली. "परीक्षा घेनाऱ्याले अभ्यास नसते."

नाना खुर्चीवर घड्याळ घेऊन बसत. स्वतः एकदाही झोक्यावर बसले नाहीत. आपली प्रकृती त्यांनी तपासण्याच्या पलीकडची धरली होती. स्वतःसाठी त्यांनी एकच उपाय योजला होता. आदल्या दिवसापासून लंघन. पोटात काही नसेल तर बाहेर काय येणार, असे त्यांचे गणित. ते कार्डावर एकतिसावे कलम होते आणि त्याखाली रेघ ओढलेली होती.

दुसरी चूक माझ्या मामाची. मामा असोद्याला केळी आणि कपाशी करीत. बहीण बोटीने जाणार म्हटल्यावर त्यांनी भरिताची वांगी पाठवायचे ठरवले. हिवाळ्यात आमच्या भागातला माणूस कुठेही निघाला तरी वांगी त्याच्या आधी निघतात. पण मामा नुसती वांगी पाठवणारे नव्हते. गाडीच्या वेळेला ते जळगाव स्टेशनावर आले तेव्हा एका हातात टोपली होती आणि खांद्यावर कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांचा माणसाएवढा भारा.

मी म्हणालो, "मामा, हे कशाला?"

"भाचेबुवा, बोटीवर चूल भेटीन. पन पऱ्हाटी कोन देईन तुले? समुद्रात कपाशी पेरली हाये का?"

"कोळशावर भाजू."

मामांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मी भारा उचलून डब्यात ठेवला. आमच्याकडे भरिताचे वांगे पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजतात. दुसऱ्या कशावर भाजले तर खाणारा खातो, पण त्याला भरीत म्हणत नाही. गाडी हलली तरी मामा खिडकीबरोबर चालत सांगत होते, "ओल लागू देजो नको. अंथरुनाच्या खाली घाल."

पाचोरा गेले, चाळीसगाव आले. धुळ्याच्या गाडीने आलेले आई आणि नाना तिथे माझ्या डब्यात चढले. नानांनी प्रथम सामान मोजले. पऱ्हाट्यांपाशी त्यांचे बोट थांबले.

"हे कोणत्या कलमात बसते?"

आई म्हणाली, "माह्या भावाच्या."

नानांनी तो विषय सोडला.

मुंबईत एक रात्र धर्मशाळेत काढून दिवस उजाडताना आम्ही भाऊच्या धक्क्यावर पोचलो. बोटीच्या पलीकडे पाणीच पाणी होते. "नकाशात एवढा निळा रंग का लागतो ते आता कळले," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढे वर्णन मी पूर्वी कधी ऐकले नव्हते.

बोटीवर चढायच्या फळीवर उभ्या असलेल्या खलाशाने आमचा भारा अडवला. "ही लाकडं कुठे?"

"भरिताला," आई म्हणाली.

"बोट पेटवायची आहे का, आजी? वर जाळ करायला बंदी आहे."

"थोडाच जाळ करते मी. आठच वांगी हायेत."

मागे रांग खोळंबली. कोणी हसले, कोणी ओरडले. शेवटी धक्क्यावरच्या चहावाल्याने तो भारा आनंदाने घेतला आणि त्याबद्दल आम्हाला तीन कप चहा फुकट पाजला. नानांनी लंघनामुळे आपला कप मला दिला. तेव्हा पहिला सल्ला हा, की बोटीवर काय चालते आणि काय चालत नाही, ते तिकीट काढताना विचारावे, फळीवर चढताना विचारू नये. वांगी मात्र वर गेली. वांग्यांना बंदी नव्हती.

आमची तिकिटे डेकची होती, म्हणजे उघड्या मजल्यावर आपली वळकटी पसरायची आणि आपल्या जागेचे आपण मालक. नानांनी जागा निवडली अगदी नाळेवर, बोटीच्या टोकाला. बंदर प्रथम आपल्याला दिसले पाहिजे, हा हेतू. पेटी आडवी ठेवून त्यांनी तिच्यावर नकाशा पसरला. नकाशाशेजारी वही. वहीत आठ बंदरांची नावे लिहिली होती आणि प्रत्येकापुढे खुणेसाठी चौकोन आखला होता. हर्णैपुढचा चौकोन जरा मोठा होता. नानांनी चष्मा पुसला, टोपी नीट केली आणि मान नकाशावर वाकवली.

बोट मुंबई बंदराबाहेर पडून उघड्या समुद्रात आली आणि तासाभरात नाना आडवे झाले.

त्या वेळचे सविस्तर लिहीत नाही. लंघनाचा काही उपयोग झाला नाही, एवढेच सांगतो. पोटात काही नसले तरी बाहेर यायचे ते थांबत नाही, फक्त त्रास दुप्पट होतो. मीही कठड्याला धरून होतो. आई तेवढी ठीक होती. तिने धक्क्यावर बसून ज्वारी-उडदाच्या कळण्याची दीड भाकरी ठेच्याबरोबर खाल्ली होती. आता ती कठड्यापाशी मांडी घालून किनारा बघत बसली होती.

डोळे न उघडता नानांनी विचारले, "काय दिसते?"

"डोंगर. नारळं. आता पान्यात भित हाये."

"कशी भिंत?"

"काळी. मोठी. चारी बाजूनं पानी. कोनाचं घर आसंल पान्यात?"

"जंजिरा," नाना म्हणाले. मी वही उचलून चौकोनात खूण करू लागलो. त्यांना शाईच्या पेनाचे टोपण उघडल्याचा आवाज आला असावा. "खूण करू नकोस. मी पाहिलेला नाही."

"आईने पाहिला आहे."

"तिच्या वहीत कर."

आईला वही नव्हती. तिला लिहितावाचताही येत नव्हते. श्रीवर्धन आणि बाणकोटही तशीच गेली. नानांनी दोनदा उठायचा प्रयत्न केला. उठत, नकाशाकडे पाहत आणि पुन्हा पडत. हर्णैला आता दोन तासही नव्हते. बेचाळीस कलमे, दोन महिने, आयुष्यातली पहिली सहल. आणि ज्या एका गोष्टीसाठी आलो ती यांच्या मिटलेल्या डोळ्यांसमोरून जाणार, हे मला दिसत होते. मी वही धरून बसलो होतो. आई मात्र वांग्यांची टोपली उचलून चालू लागली.

"कुठे निघालीस?" मी विचारले.

"भाजायले. ऊन लागून राह्यलं वांग्याले."

बोटीचा स्वयंपाकी खाली होता. त्याला तिथे भंडारी म्हणत. रत्नागिरीकडचा मुसलमान गृहस्थ, साठीचा, पांढरी दाढी. आईने त्याच्यापुढे टोपली ठेवली आणि सांगितले, चार तुम्हाला, चार आम्हाला, पण सगळी भाजून द्यायची. भंडाऱ्याने एक वांगे हातात घेऊन तोलून पाहिले आणि निखाऱ्यावर ठेवले. भाजेपर्यंत आईने त्याला सगळी हकिकत सांगितली. झोका, लंघन, धक्का, वही. तासाभराने ती वर आली तेव्हा एका पातेल्यात भरीत होते आणि मागे हात पुसत भंडारी येत होता.

तो नानांच्या डोक्याशी उभा राहिला. "मास्तर, काय खाल्लंत?"

"लंघन आहे," नाना म्हणाले.

"कुणी सांगितलं?"

"मीच ठरवले."

"रिकाम्या पोटानं दर्यात येतात होय? रिकामं पिंप बघा कसं गडगडतं. भरलेलं जागेवर बसतं." मग त्याने नकाशाकडे पाहिले. "आणि हे काय? दर्यात येऊन दर्या कागदावर बघताय? नजर कागदावर ठेवलीत की डोकं फिरणार. नजर डोंगरावर ठेवा. डोंगर हलत नाही."

नाना काही म्हणणार तोच त्याने नकाशाची घडी केली आणि आईच्या हातात दिली. वळकटी उचलून बोटीच्या मध्यभागी नेली. तिथे बोट कमी हलते, टोकाला सर्वांत जास्त, हे त्याने चालता चालता सांगितले. मी आणि त्याने नानांना धरून नेले व किनाऱ्याकडे तोंड करून बसवले. आईने कोरड्या भाकरीचा तुकडा त्यांच्या हातात दिला.

"चावून खा. नजर वर," भंडारी म्हणाला.

तीस वर्षे दुसऱ्यांना नजर वर ठेवायला सांगणाऱ्या माणसाने नजर वर ठेवली आणि भाकरी चावली. पाच मिनिटांनी दुसरा तुकडा मागितला. अर्ध्या तासाने ते म्हणाले, "पातेल्यात काय आहे?"

"तुमाले चालायचं नाही," आई म्हणाली. "कोळशावर भाजलं हाये."

"चव कशी आहे?"

आईने थोडा विचार केला. न्यायाचा प्रश्न होता. "खायाले बरं हाये," ती म्हणाली. "भरीत नाही."

नानांनी बोटभर चाखले. भंडाऱ्याने मात्र आपल्या चार वांग्यांचे सगळे एकट्याने संपवले असे नंतर कळले. त्याला पऱ्हाट्यांची माहिती नव्हती, त्यामुळे त्याला उणे काही वाटले नाही.

बोटीने भोंगा दिला. वेग कमी झाला. कोणी तरी ओरडले, "हर्णै!"

नाना उभे राहिले. मी हात पुढे केला, त्यांनी तो घेतला नाही. कठड्यापर्यंत चालत गेले. समोर पाण्यात किल्ला होता, मागे गाव, नारळ, कौलांची घरे. बोट थांबली. किनारा अजून बराच दूर होता. धक्का नव्हता. किनाऱ्याकडून तीन मोठ्या होड्या वल्ही मारीत आल्या आणि बोटीला भिडल्या. त्याच पडाव. बायका, गाठोडी, एक शेळी, एक शिवणयंत्र, असे सगळे हातोहात खाली उतरले. खाली उभे असलेले पडाववाले वर ओरडत होते आणि वरचे खाली ओरडत होते. नाना शेवटची माणसे उतरेपर्यंत पाहत राहिले. पडाव किनाऱ्याला टेकून माणसे गुडघाभर पाण्यातून चालत जाताना दिसली, तोवर आमची बोट निघाली होती.

"चुकले होते," नाना म्हणाले.

मी वही पुढे केली. त्यांनी हर्णैपुढच्या मोठ्या चौकोनात खूण केली आणि धक्का हा शब्द लिहून त्यावर फुली मारली. मग आईला म्हणाले, "आता दे ते पातेले."

दाभोळ आणि जयगड त्यांनी उभ्याने पाहिले. रत्नागिरीला आम्हीही पडावात उतरलो. पेट्या लहान होत्या, त्याचे मोल तिथे कळले. आमच्या शेजारच्या कुटुंबाची एकच मोठी पेटी चार माणसांनी उतरवली आणि उतरवताना तिचा तळ गेला.

रत्नागिरीत दोन दिवस राहून आम्ही परतलो. नाना निघण्यापूर्वी पोटभर जेवले आणि बोटीच्या मध्यभागी बसले. नकाशा पेटीच्या तळाशी होता. हुकलेली चार बंदरे परतताना पाहायची होती. आता बंदरे उलट्या क्रमाने येणार. इथे एक अनपेक्षित अडचण निघाली. नानांनी ती नावे जन्मभर वरून खाली म्हटली होती, खालून वर कधीच नाही. हर्णै गेल्यावर ते म्हणाले, "आता श्रीवर्धन."

"बानकोट," आई म्हणाली. "श्रीवर्धन त्याच्या मंग."

"तुला काय ठाऊक?"

"येतानी मी जागी होती."

बाणकोटच आले. नानांनी खूण केली. पुढे प्रत्येक वेळी ते आधी आईकडे पाहत आणि मग किनाऱ्याकडे. काळ्या भिंतीचा जंजिरा त्यांनी बराच वेळ पाहिला आणि आईने वर्णन बरोबर केले होते असे तिला सांगितले. रेवदंड्याला आठवा चौकोन भरला. त्या दिवशी कोणालाही त्रास झाला नाही. मलाही नाही, कारण मीही जेवलो होतो.

सुट्टी संपून शाळा उघडली त्या दिवशी मी अजून धुळ्यातच होतो. नाना सकाळी कोट घालून निघाले आणि मला बरोबर चल म्हणाले. भूगोलाच्या नव्या मास्तरांकडे त्यांनी दहा मिनिटे मागितली. मी दाराशी उभा राहिलो. नाना नकाशापाशी गेले, छडी हर्णैवर ठेवली आणि म्हणाले, "येथे बोट धक्क्याला येत नाही. धक्का नाही. बोट समुद्रात उभी राहते, पडाव येतात. मी गेल्या वर्षी तुम्हाला चुकीचे शिकवले. वह्या काढा, दुरुस्त करा."

मुलांनी वह्या काढल्या. एका मुलाने हात वर केला. "गुरुजी, माझ्या थोरल्या भावालाही तुम्ही धक्काच शिकवला होता."

"त्याला आज सांग."

आणखी हात वर झाले. कोणाचा भाऊ, कोणाचा काका. मागच्या बाकावरचा एक जण उठून म्हणाला, "माझ्या वडिलांनाही तुम्हीच होतात, गुरुजी."

"कुठे असतात ते?"

"बाजारात. कापडाचे दुकान आहे."

"दुकान किती वाजता उघडते?"

"नऊला."

नानांनी घड्याळ पाहिले. छडी टेबलावर ठेवली, नव्या मास्तरांना नमस्कार केला आणि आम्ही दोघे बाजाराकडे निघालो.